खाऱ्या पाण्यातून आल्यावर आउटबोर्ड इंजिन धुणं: धार चांगली पडतेय, तरी तापतंय

कर्लीकाठ

नमस्कार मंडळी. विषय थोडा आडवळणाचा आहे, पण इथे किनाऱ्यावरचे, गोव्याचे आणि दर्यापारचे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतोय.

देवबागला माझ्या मामांची फायबरची होडी आहे. मागे ४० हॉर्सपॉवरचं टू स्ट्रोक आउटबोर्ड, कार्ब्युरेटरवालं. सीझनमध्ये पर्यटकांना डॉल्फिन दाखवणं, कर्ली नदीच्या संगमावर फिरवून आणणं, हेच काम. मी पुण्यात असतो, दोन महिन्यांतून एकदा जाणं होतं. इंजिनातलं माझं ज्ञान पुस्तकी, मामांचं हाताचं, आणि आमचं दोघांचं पटत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या महिन्यापासून एक दुखणं लागलंय. संथ चालवलं तर काही नाही. समुद्रात जाऊन पूर्ण वेग दिला की आठ-दहा मिनिटांत बझर वाजतो आणि इंजिन आपणहून मंदावतं. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा ठीक. मागच्या भोकातून पाण्याची धार मात्र झकास पडते, करंगळीएवढी. मिस्त्रीने पंपातला इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं रबरी पात्यांचं चाक, बदलला. नवा बसवला, पैसे घेतले, फरक शून्य.

मामा म्हणतात, "रोज धुतो आम्ही, मिठाचा प्रश्नच नाही." धुण्याची पद्धत अशी: संध्याकाळी होडी ट्रॉलीवरून माडांखाली ओढायची, जेवणं उरकायची, मग इंजिनाच्या पायाला ते हेडफोनसारखे रबरी कान लावायचे, नळी जोडायची, इंजिन चालू करायचं, धार दिसली की दोन मिनिटांत बंद. पाणी विहिरीचं. एप्रिल उजाडला की आमची विहीर मचूळ होते, हेही लिहून ठेवतो.

प्रश्न दोन. धुण्यात काही चुकतंय का? आणि मचूळ पाण्याने धुतलं तर ते धुणं म्हणायचं का?

खवचट_खेकडा

धार पडते तरी तापतं म्हणजे मूत्रपिंड ठीक, ताप वेगळ्या कारणाने. इंजिनाला पॅरासिटामोल द्या.

रापणकार

खेकड्याक कोणीतरी रश्शात घाला रे.

कर्लीकाठ, तुझ्या मामाक सांग, मुतता म्हणजे इंजिन थंड आसा असा नाय. पंप चलता, इतक्याच ता सांगता. आमच्या जेटीवर सगळे धार बघतत आणि खूश होतत. माझा पण एक इंजिन असाच गेला. (बाकीचं सगळ्यांना कळेल असं लिहितो.)

माझं ९.९ चं होतं. रोज खांद्यावरून घरी आणायचो, पिंपात बुडवून दोन मिनिटं चालवायचो. चार वर्षांनी हेड उघडलं तर आतल्या पाण्याच्या वाटा पांढऱ्या चुन्यासारख्या वस्तूने निम्म्या बुजलेल्या. काडी घालून खरवडावं लागलं. धार शेवटच्या दिवसापर्यंत पडत होती.

जुना_मिस्त्री

रापणकार बरोबर बोलले, कारण सांगतो. भाऊच्या धक्क्यावर आणि नंतर अलिबागकडे मिळून बत्तीस वर्षं हेच केलं, त्यामुळे जरा लांबेल.

आउटबोर्डला मोटारीसारखा रेडिएटर नसतो. ज्या पाण्यात चालतं तेच पाणी खालच्या पायातल्या जाळीतून पंप ओढतो, पाइपातून वर पाठवतो, ते ब्लॉक आणि हेडभोवती फिरतं आणि धुराबरोबर खाली बाहेर पडतं. बहुतेक मॉडेलांत तुमची ती धार या वाटेत फार पुढे जायच्या आधीच फुटते. नळाला पाणी आलं म्हणून चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत पोचलंच असं नाही ना? तसं.

आता महत्त्वाचं. हेडजवळ थर्मोस्टॅट असतो. इंजिन गार असताना तो मिटलेला असतो, म्हणजे इंजिन लवकर गरम व्हावं. ठरलेल्या तापमानाला तो उघडतो आणि तेव्हाच पाणी ब्लॉकमधून जोमाने फिरतं. तुमचे मामा होडी ओढून, जेवून, मग धुतात. तोवर इंजिन गार. गार इंजिन दोन मिनिटं चालवलं तर थर्मोस्टॅट उघडतच नाही, फार तर किलकिला होतो. धुतलं गेलं ते पंप आणि पाइप. मीठ बसलंय वरच्या मजल्यावर, आणि तुम्ही रोज जिना धुताय.

माझा अंदाज: थर्मोस्टॅट मिठाने अर्धवट अडकलाय, शिवाय ब्लॉकमध्ये थर आहे. संथ चालीला तेवढं पाणी पुरतं, पूर्ण वेगाला उष्णता वाढली की पुरत नाही. इम्पेलर बदलायला नको होता असं म्हणणार नाही, तो दर एकदोन वर्षांनी बदलावाच. पण रोग तिथे नव्हता.

धुवायचं कधी? किनाऱ्याला लागल्यावर, इंजिन गरम असतानाच. जेवण नंतर. आणि निदान दहा मिनिटं, मंद चालीवर, न्यूट्रलमध्ये.

कर्लीकाठ

काका, धन्यवाद. "रोज जिना धुताय" हे वाक्य मामांना जसंच्या तसं फोनवर ऐकवलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

मांडवीतीर

गोव्यातून. आमची होडी नदीत नांगरलेली असते, ट्रॉली नाही, त्यामुळे रबरी कान वापरता येत नाहीत. पाय पाण्यात असताना कान लावून काय उपयोग, पंप खारंही ओढणार. आमच्या फोर स्ट्रोकला बाजूला नळी जोडायची वेगळी तोटी आहे. इंजिन उचलून पाण्याबाहेर काढायचं, नळी जोडायची, दहा-पंधरा मिनिटं सोडून द्यायचं.

पण एक सांगतो. तोटीवरून धुताना आमच्या इंजिनाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की इंजिन बंद ठेवा. कारण तोटीतलं पाणी वरून शिरतं, खालच्या पंपाला ते मिळेलच असं नाही, इम्पेलर कोरडा फिरतो. काही कंपन्यांच्या मॉडेलांत चालू ठेवलेलं चालतं. तेव्हा ज्याचं त्याने पुस्तक बघा, शेजाऱ्याचं ऐकून करू नका. मी ऐकलं होतं. नवा इम्पेलर घातला.

अणुरेणू

मी रसायनवाला, होडीत बसलो की उलट्या होतात, पण या धाग्यात मला राहवत नाही.

समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं बहुतांश आपलं जेवणातलं मीठ, आणि ते गोड्या पाण्यात अगदी सहज विरघळतं. १ लिटर पाणी साडेतीनशे ग्रॅमच्या वर मीठ पोटात घेतं. म्हणजे मीठ काढायला कसलंही जादूचं औषध लागत नाही. गोडं पाणी तिथवर पोचलं पाहिजे, बस. आणि ते मीठ वाळायच्या आत पोचलं तर उत्तम. इंजिन बंद केल्यावर ब्लॉकची उष्णता लगेच जात नाही, आत राहिलेलं थोडं पाणी आटतं आणि मिठाचे खडे धरतात. मामांचं जेवण होईपर्यंत नेमकं हेच चालू असतं.

पण रापणकारांनी पाहिलेलं ते चुन्यासारखं पांढरं बहुधा नुसतं मीठ नसावं. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमही असतं. पाणी खूप तापलं की त्याचा थर भांड्याच्या बुडाला बसतो तसा बसतो. शिवाय ब्लॉक ॲल्युमिनियमचा. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम गंजतं तेव्हा तांबडा गंज येत नाही, पांढरी भुकटी येते. हे दोन्ही साध्या पाण्याने जात नाहीत. थोडक्यात, रोज नीट धुतलं तर मीठ जातं. वर्षानुवर्षं नीट धुतलं नाही तर जे उरतं ते पाण्याने जात नाही.

मचूळ पाण्याचं: खाऱ्यापेक्षा मचूळ शंभर टक्के बरं. विहिरीचं पाणी जिभेला खारट लागतं तरी ते समुद्राच्या पाण्याच्या जवळपासही नसतं. मचूळने धुवा, शेवटची एक बादली गोड्या पाण्याची.

खवचट_खेकडा

कोकणात एप्रिलमध्ये गोड्या पाण्याची बादली इंजिनाला देणार? घरात बायकामाणसं टँकरची वाट बघतायत आणि हे इंजिनाला आंघोळ घालतायत. (हे एकच गंभीरपणे लिहिलं.)

वैनतेय_तीर

खेकड्याशी सहमत. आमच्या वाडीत मे महिन्यात पाण्यावरून भांडणं होतात. तिथे कोणी दहा मिनिटं नळी सोडून इंजिन धुतलं तर लोक होडीसकट त्याला धुतील.

रापणकार

म्हणूनच पिंप. नळी सोडली तर पाणी वाहून जातं, पिंपात तेच तेच फिरतं. निळं प्लास्टिकचं २०० लिटरचं पिंप मधोमध कापायचं. इंजिनाचा पाय आत सोडला की पंख्याच्या वरची ती आडवी पट्टी असते, तिच्याहून चार बोटं वर पाणी पाहिजे. जाळी पूर्ण बुडाली पाहिजे. जमलं तर पंखा काढून ठेवा. चुकून गिअरमध्ये पडलं तर पंखा पिंप फोडतो आणि पाणी अंगावर. पोरंटोरं लांब.

इंजिन खांद्यावरून आणणाऱ्यांसाठी एक: पाण्यातून काढलं की लगेच आडवं करू नका. उभं धरून पाणी निथळू द्या, आणि नेताना डोकं वर, पाय खाली. डोकं खाली गेलं तर पायातलं पाणी धुराच्या वाटेने सिलिंडरात उतरतं. हे सांगूनही माझा पुतण्या रोज उलटं आणायचा. प्लगवर पाणी, मग दोरी ओढून ओढून दंड दुखले तेव्हा समजलं.

अणुरेणू

पिंपाचा हिशोब करून बघितला. समजा पिंपात १०० लिटर पाणी, आणि दर वेळी इंजिनाच्या आतून-बाहेरून मिळून १ लिटर समुद्राचं पाणी त्यात उतरतं. म्हणजे ३५ ग्रॅम क्षार. पहिल्या दिवशी पिंपातलं पाणी समुद्राच्या शंभराव्या हिश्शाएवढं खारट. तेच पाणी दहा दिवस वापरलं तर दहाव्या हिश्शाएवढं. तेव्हा आठवड्याला बदललं तरी पुष्कळ. जिभेवर थेंब घेऊन बघायची पद्धतही चालेल, पण टू स्ट्रोकचं तेल तरंगत असेल, त्यामुळे ती खेकड्यावर सोपवू.

वापरलेलं पाणी माडाच्या आळ्यात नका ओतू. माड खारं सोसतो, तेल नाही.

ऑकलंडवासी

इकडे न्यूझीलंडमध्ये घरटी होडी म्हणावी इतक्या होड्या. किनाऱ्यावर होडी उतरवायच्या जागी बऱ्याच ठिकाणी धुवायला नळ असतो, आणि नळाला दाब भरपूर. कान लावा, नळ पूर्ण सोडा, झालं. मिठावर मारायचे द्रावण मिळतात, नळीला जोडायची वाटी असते त्यात भरायचं. मी वापरतो, पण अणुरेणू म्हणतात ते खरं आहे. पाणीच नीट फिरवलं तर त्याची गरज मला फारशी जाणवलेली नाही. बायकोच्या मते मी बाटलीचा वास आवडतो म्हणून घेतो.

कर्लीकाठ, तुमच्याकडे नळीला दाब कुठून येतो? पंप की टाकी? कान लावल्यावर बाजूने पाणी उडालं पाहिजे. उडत नसेल तर इंजिन जितकं ओढतंय तितकं नळी देत नाहीये.

कर्लीकाठ

चांगला प्रश्न. आधी पडवीवरच्या टाकीतून घ्यायचे, दहा फुटांवर असेल. नळी चपटी व्हायची म्हणे. मग विहिरीच्या मोटरवरून थेट जोडायला लागले.

जुना_मिस्त्री

दहा फुटांवरची टाकी म्हणजे जेमतेम ०.३ बार दाब. अर्ध्या इंची लांब नळीतून त्या दाबाने ४० चं इंजिन तृप्त होत नाही. नळी चपटी झाली म्हणजे पंप ओढतोय आणि पाणी नाहीये.

मोटरवरून थेट घेताय तर दुसरी भीती. लाईट. अलिबागच्या पुढे एका वाडीत गिऱ्हाईकाने कान लावले, मोटर सुरू, इंजिन सुरू, आणि हा गडी चहा घ्यायला आत गेला. लाईट गेली. विहिरीची मोटर बंद, इंजिन आपलं पेट्रोलवर खुशाल चालू. इम्पेलर रबरी, त्याला पाणी हेच वंगण. कोरडा फिरला की काही सेकंदांत पाती झिजायला लागतात. हा बाहेर आला तेव्हा रबर जळल्याचा वास अंगणभर. मी उघडलं तर सहातली दोनच पाती जागेवर, बाकीचे तुकडे पाण्याबरोबर वर जाऊन वाटांमध्ये अडकलेले. इम्पेलर अर्ध्या तासात बदलला, ते तुकडे शोधायला दीड दिवस.

म्हणून माझा नियम: आधी पाणी, मग इंजिन. बंद करताना आधी इंजिन, मग पाणी. आणि इंजिन चालू आहे तोवर हात किल्लीपासून लांब नाही. तुमच्या वाडीत लाईटचा भरवसा नसेल तर रापणकारांचं पिंप सगळ्यात सुरक्षित. हे सगळं उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नको, धूर जीव घेतो.

सदाफुली_७

वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडे होडी नाही, पण लेखनशैलीसाठी वाचतेय. "जिना धुताय" साठी +१.

पाचमुखी

एवढं कशाला? आमच्या इथे एकाने संडास धुवायचं ॲसिड पाण्यात मिसळून इंजिनात फिरवलं. सगळा थर फेसाळून बाहेर. इंजिन नव्यासारखं.

अणुरेणू

कृपया, कोणीही हे करू नये. त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते चुन्याचा थर खातं हे खरं, पण ॲल्युमिनियमही तितक्याच आवडीने खातं. फेस आला तो थराचाच होता हे कशावरून? काही महिन्यांनी गॅस्केटच्या कडेने पाणी झिरपायला लागलं की कळेल. थर काढायचाच असेल तर सौम्य काहीतरी: पांढरं व्हिनेगर पाण्यात पातळ करून, किंवा लिंबाचं फूल, दुकानात मिळतं ते. थोडा वेळ, लक्ष ठेवून, आणि मग भरपूर गोड्या पाण्याने. रात्रभर भिजत घालणं नको.

रापणकार

आमची आजी तांब्याची भांडी कोकमाने घासायची. आगळ चालेल काय?

अणुरेणू

आगळात मीठ घातलेलं असतं हो!

रापणकार

अरे हां. सोलकढी करतंय मग.

मांडवीतीर

धागा सोलकढीकडे वळायच्या आत दोन गोष्टी. एक, जस्ताचे तुकडे बघितलेत का? पायाला आणि कंसाला बोल्टने लावलेले राखाडी ठोकळे असतात, मिस्त्री लोक झिंक म्हणतात. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जोडलेले असले की त्यातला एक गंजतो. तो मान झिंकने घ्यावा म्हणून ते लावतात. ते झिजले पाहिजेत, झिजणं हेच त्यांचं काम. निम्मे झाले की बदला. आमच्या इथे एकाने होडी चकाचक दिसावी म्हणून इंजिनाबरोबर झिंकही रंगवून टाकले. रंग लागला की झिंकला काही करता येत नाही, मग इंजिनाचा पायच झिंक होतो.

दोन, पंख्याचा नट सोडून दांड्यावर मासेमारीची तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, गुंडाळली गेलीय का बघा. ती सील कापते आणि गिअरच्या तेलात पाणी शिरतं. तेल काढून बघितल्यावर दुधाळ दिसलं तर समजायचं.

कर्लीकाठ

अपडेट. या शनिवार-रविवारी देवबागला जाऊन आलो. जरा सविस्तर लिहितो, कारण काकांचा अंदाज किती नेमका होता ते कळायला हवं.

थर्मोस्टॅटच्या झाकणाला चार बोल्ट. तीन सुटले. चौथा सुटेना. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं खाऱ्यात बसलेला, दोन्ही एकजीव झालेले. मामांनी पाना लांब करायला वर पाइप चढवला, मी "नको नको" म्हणेपर्यंत टण्णकन आवाज झाला आणि बोल्टचं डोकं माडाच्या मुळाशी. पुढचे तीन तास त्या उरलेल्या थोटकामागे गेले. वंगण फवारून, हलकं तापवून, गार करून, पुन्हा तापवून. शेवटी मिस्त्रीने त्यावर नट वेल्ड करून काढला. चारही नवे बोल्ट आता ग्रीस लावून बसवलेत. आधी लावलं असतं तर असं काही झालं नसतं, हे मामा स्वतःहून म्हणाले, आणि आमच्या घरात ही घटना दुर्मिळ आहे.

झाकण उघडलं तर आत थर्मोस्टॅट पांढऱ्या लगद्यात रुतलेला. ओल्या रांगोळीसारखं दिसत होतं. बोटाने निघालं, पण तळाशी कडक थर होता तो नाही निघाला. थर्मोस्टॅट धुऊन घरात आणला. पातेल्यात पाणी, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगलेला, बुडाला टेकू न देता, शेजारी मामीचा जॅम बनवायचा थर्मामीटर, खाली गॅस. त्याच्यावर कोरलेलं तापमान आलं, गेलं, पाणी उकळायला लागलं तेव्हा कुठे तो नखभर उघडला आणि तसाच राहिला. गार झाल्यावरही मिटला नाही. नवा आणून तसाच तपासला: ठरलेल्या तापमानाला फुलासारखा उमलला, गॅस बंद केल्यावर मिटला. मामा ते तीन वेळा बघत बसले.

ब्लॉकच्या वाटांत पातळ व्हिनेगर पिचकारीने सोडलं, वीस मिनिटं ठेवलं, पिंपात दोन वेळा पाणी बदलून इंजिन चालवलं. पहिल्या वेळी पिंपाच्या तळाशी पांढरा गाळ दिसला. दुसऱ्या वेळी जवळजवळ नाही.

मग समुद्रात. पूर्ण वेगाने पंचवीस मिनिटं, निवती रॉक्सच्या दिशेने. बझर वाजला नाही. डॉल्फिनही दिसले नाहीत, पण त्याला इंजिन जबाबदार नाही.

जुना_मिस्त्री

उत्तम काम. नट वेल्ड करायला सांगणारा मिस्त्री हुशार आहे, त्याला धरून ठेवा. झाकणाचं गॅस्केट नवं घातलंत ना? जुनं परत लावू नका.

आता मे संपत आला की होडी वर येईल, त्या वेळचं धुणं रोजच्यापेक्षा वेगळं. पिंपात शेवटचं चालवताना पेट्रोलची नळी काढा आणि कार्ब्युरेटर रिकामा होऊन इंजिन आपोआप बंद पडू द्या. हे फक्त कार्ब्युरेटरवाल्या इंजिनांसाठी. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं. कोकणातल्या जून-जुलैच्या हवेत चार महिने कार्ब्युरेटरमध्ये राहिलं तर दसऱ्याला तुम्ही नवा धागा काढाल. बंद पडायच्या आधी हवेच्या तोंडातून थोडं साठवणीचं तेल फवारा. गिअरचं तेल पावसाळ्याच्या आधी बदला, नंतर नको. आत पाणी शिरलं असेल तर ते चार महिने बेअरिंगवर बसून राहतं.

आणि इंजिन उभं ठेवा, पाय खाली. तिरकं करून ठेवलं तर पंख्याच्या भोकात पावसाचं पाणी साचतं.

कर्लीकाठ

गॅस्केट नवंच घातलं काका. बाकी सगळं कागदावर लिहून मामांच्या पडवीत चिकटवतो. धुण्याची वेळही ठरली: होडी लागली की आधी इंजिन, मग जेवण. मामीने हे ऐकून फक्त एवढंच विचारलं, की मग जेवण किती वाजता गरम करायचं.

खवचट_खेकडा

मूळ मुद्दा राहिलाच. त्या पातेल्याचं काय झालं?

कर्लीकाठ

मामी म्हणाली, ते आता इंजिनाचंच. पिंपात पाणी भरायला वापरतो.